मुंबई इलाख्यातील कारागृह सुधारणा

मुंबई इलाख्यातील कारागृह सुधारणा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तत्कालीन मुंबई इलाख्यातील तुरुंगांची रचना, कैद्यांचे वर्गीकरण, श्रम, आहार, आरोग्य आणि पुनर्वसन यांत झालेल्या बदलांचा इतिहास होय. या इलाख्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग मोडत असे. या बदलांमागे तीन प्रवाह होते. ब्रिटन व अमेरिकेतील कारागृह चळवळींचा प्रभाव हा पहिला, ब्रिटिश सरकारने वेळोवेळी नेमलेल्या समित्या हा दुसरा आणि तुरुंगवास भोगलेल्या राजकीय कैद्यांचे लेखन व आंदोलने हा तिसरा. कैद्याला धाक बसवणे हा शिक्षेचा हेतू मानावा की त्याला सुधारणे, हा या इतिहासातील मुख्य वाद आहे. १८३८ च्या समितीने सुधारणेचा हेतू नाकारला आणि १९१९-२० च्या समितीने तो स्वीकारला. १९३९ मध्ये औंध संस्थानात स्थापन झालेली स्वतंत्रपूर वसाहत हा या विचाराचा महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मानला जातो. रत्नागिरीचा संबंध या इतिहासाशी पेशवाईतील किल्ल्यावरील कैदेपासून विसाव्या शतकातील राजकीय कैद्यांपर्यंत अनेक टप्प्यांवर येतो.

पार्श्वभूमी

पेशवेकालीन कैद

मराठा राज्यात आजच्या अर्थाने तुरुंग ही स्वतंत्र संस्था नव्हती. दंड, मालमत्तेची जप्ती, गाढवावरून धिंड, हद्दपारी, अवयवच्छेद आणि देहदंड या शिक्षा प्रचलित होत्या. कैदेची शिक्षा झालेल्यांना बहुधा डोंगरी किंवा सागरी किल्ल्यांवर ठेवत असत. कैद्याची देखभाल किल्लेदाराकडे असे. त्याला किती मोकळीक मिळावी, बेड्या असाव्यात की नसाव्यात आणि शिधा किती द्यावा, हे त्याच्या जातीवर, दर्जावर व अपराधाच्या स्वरूपावर अवलंबून असे.

या पद्धतीतील जोखीम रत्नागिरीच्या उदाहरणातून दिसते. पानिपतच्या युद्धात मारले गेलेले सदाशिवरावभाऊ आपणच आहोत, असा दावा करणारा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ मध्ये तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मुक्त केले. त्यानंतर त्याने कोकणातील अनेक किल्ले ताब्यात घेतले. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी हे बंड मोडून त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहदंड दिला. न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रसंगावर आहे. कैदेची सुरक्षितता एका अधिकाऱ्याच्या निष्ठेवर अवलंबून असणे, हा किल्ल्यावरील कैदेचा मूलभूत दोष होता.

ब्रिटन आणि अमेरिका

युरोपात कारागृह सुधारणेची चळवळ जॉन हॉवर्ड यांच्यापासून सुरू झाली असे मानतात. १७७३ मध्ये बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफ झाल्यावर त्यांनी इंग्लंडमधील तुरुंगांची पाहणी केली आणि १७७७ मध्ये तुरुंगांच्या अवस्थेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निर्दोष सुटलेल्या माणसालाही तुरुंगाधिकाऱ्याची फी भरल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, हे त्यांनी उघडकीस आणले.

अमेरिकेत १७८७ मध्ये फिलाडेल्फिया शहरात सार्वजनिक तुरुंगांतील हालअपेष्टा कमी करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांमुळे १७९० मध्ये तेथील वॉलनट स्ट्रीट तुरुंगात एकांत कोठड्या आणि नियमित श्रम यांवर आधारलेली व्यवस्था सुरू झाली. पुढे अमेरिकेत दोन पद्धती परस्परांच्या स्पर्धेत उभ्या राहिल्या. पेनसिल्व्हेनिया पद्धतीत कैदी रात्रंदिवस स्वतंत्र कोठडीत राहून तेथेच काम करी. १८२९ मध्ये सुरू झालेले ईस्टर्न स्टेट कारागृह हे तिचे प्रमुख उदाहरण होते. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न पद्धतीत कैदी रात्री एकटा असे, पण दिवसा इतरांबरोबर संपूर्ण मौन पाळून काम करी. एकांतामुळे पश्चात्ताप होईल ही पहिल्या पद्धतीची धारणा होती. १८४२ मध्ये ईस्टर्न स्टेट कारागृह पाहिल्यानंतर चार्ल्स डिकन्स यांनी मात्र हा एकांत म्हणजे मनाचा छळ आहे अशी टीका केली.

भारतातील समित्यांपुढे ब्रिटन व अमेरिकेतील हे वाद होते. भारतीय दंड संहितेतही एकांतवासाची तरतूद आली, परंतु मर्यादेसह. १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या या संहितेच्या ७३ व्या कलमानुसार एकांतवासाची एकूण मुदत तीन महिन्यांहून अधिक असू शकत नसे. ७४ व्या कलमानुसार तो सलग १४ दिवसांहून अधिक देता येत नसे.

कंपनी काळातील आरंभ

१८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाल्यावर मुंबई सरकारने जिल्हावार प्रशासन उभारले. दक्षिण कोकणचे मुख्यालय १८२२ मध्ये बाणकोटहून रत्नागिरीस हलवण्यात आले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८२७ मध्ये तयार झालेल्या विनियमसंग्रहाने अपराध आणि शिक्षा यांची निश्चित मांडणी केली. कैद ही जिल्हा न्यायालयांची नेहमीची शिक्षा झाल्याने प्रत्येक मुख्यालयी तुरुंगाची गरज निर्माण झाली.

आरंभी यासाठी जुन्या वास्तू वापरण्यात आल्या. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या ठाण्याच्या किल्ल्याचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून निसटले होते. या तुरुंगांत खून, चोरी, कर्ज आणि वेडसरपणा अशा निरनिराळ्या कारणांनी आत आलेले लोक एकत्र राहत. सक्तमजुरीचे कैदी बेड्या घालून दिवसभर रस्त्यांच्या कामावर नेले जात. त्या काळातील अनेक रस्ते अशा श्रमातून तयार झाले.

लांब मुदतीच्या कैद्यांना समुद्रापार पाठवण्याची पद्धतही होती. लोकभाषेत तिला काळे पाणी म्हणत. मुंबई इलाख्यातील कैदी सिंगापूर व लगतच्या सामुद्रधुनी वसाहतींत पाठवले जात, तर तेथील चिनी व मलायी कैदी उलट दिशेने मुंबई इलाख्यात आणले जात. अशा कैद्यांसाठी महाबळेश्वर येथे एक तुरुंग होता. त्यांनी तेथे भाजीपाल्याचे मळे केले आणि रस्त्यांची कामे केली. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. १८५८ मध्ये अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाल्यावर काळे पाणी म्हणजे अंदमान हेच समीकरण रूढ झाले.

समित्या आणि कायदे

१८३६-३८ ची समिती

विधी सदस्य टॉमस मेकॉले यांनी डिसेंबर १८३५ मध्ये केलेल्या सूचनेवरून सरकारने तुरुंगशिस्तीसाठी एक समिती नेमली. तिचा अहवाल १८३८ मध्ये सादर झाला. कनिष्ठ नोकरवर्गातील लाचखोरी, शिस्तीतील शैथिल्य आणि कैद्यांना रस्त्यांवर कामाला नेण्याची पद्धत यांवर समितीने कठोर टीका केली. एक वर्षाहून अधिक शिक्षा झालेल्यांसाठी मध्यवर्ती कारागृहे बांधावीत, झोपण्यासाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात आणि प्रत्येक प्रांतात तुरुंग निरीक्षक नेमावा, अशा तिच्या शिफारशी होत्या.

याच समितीने नैतिक वा धार्मिक शिक्षण, उपयुक्त उद्योग आणि चांगल्या वर्तनासाठी बक्षिसे या सुधारणेच्या साधनांचा मात्र विचारपूर्वक अव्हेर केला. कैद्याला कंटाळवाणे व नीरस श्रम द्यावेत, म्हणजे तुरुंगाची दहशत टिकून राहील, असे तिचे मत होते. परिणामी तुरुंग पूर्वीपेक्षा सुव्यवस्थित झाले, तरी त्यांचा हेतू दंडात्मकच राहिला.

जेवणाच्या व्यवस्थेतील बदलही याच सुमारास झाला. पूर्वी कैद्यांना शिधा किंवा रोख भत्ता मिळे आणि ते आपापले जेवण शिजवीत. १८४० च्या दशकापासून ब्रिटिश हिंदुस्थानात सामायिक स्वयंपाकाची पद्धत लागू होऊ लागली. जातिबंधनांमुळे तिला अनेक ठिकाणी तीव्र विरोध झाला. सरकारने यावर उपाय म्हणून विशिष्ट जातींचे स्वयंपाकी नेमले आणि सफाईची कामे विशिष्ट जातींच्या कैद्यांकडे सोपवली. समाजातील जातिव्यवस्था अशा रीतीने तुरुंगाच्या लेखी नियमांत आली.

१८६४ ते १८९४

१८६४ च्या दुसऱ्या समितीने कैद्यांच्या मृत्यूंकडे लक्ष वेधले. गर्दी, अपुरे वायुवीजन, सांडपाणी आणि अपुरे कपडे ही त्यामागील कारणे होती. प्रत्येक कैद्याला किमान ५४ चौरस फूट जागा आणि ६४० घनफूट हवा मिळावी, अशी तिची शिफारस होती. तुरुंगाच्या देखरेखीसाठी वैद्यकीय अधिकारी नेमण्याच्या पद्धतीलाही यामुळे बळ मिळाले. १८७७ ची परिषद आणि १८८८-८९ ची समिती यांनी कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवणे, प्रथम अपराधी व सराईत अपराधी असे वर्ग करणे इत्यादी मुद्दे पुढे आणले.

याच काळात पुण्याजवळ येरवडा मध्यवर्ती कारागृह उभे राहिले. १८७१ च्या सुमारास बांधण्यात आलेले हे कारागृह पुढे इलाख्यातील सर्वांत मोठे झाले. विणकाम, सुतारकाम, छपाई यांसारखे उद्योग तेथे वाढले. रत्नागिरीसारख्या जिल्हा तुरुंगांत मुख्यतः स्थानिक न्यायालयांतील कच्चे कैदी व अल्प मुदतीचे बंदी असत, तर लांब मुदतीच्या कैद्यांना मध्यवर्ती कारागृहांत पाठवले जाई.

या प्रक्रियेचा शेवट १८९४ च्या कारागृह अधिनियमात झाला. स्त्रिया, अल्पवयीन, कच्चे कैदी आणि दिवाणी कैदी यांना वेगळे ठेवणे त्याने बंधनकारक केले. सक्तमजुरीच्या कैद्याकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असेही त्यात नमूद होते. मात्र तुरुंगातील अपराधांसाठी बेड्या, शिक्षेचा आहार, एकांत कोठडी आणि ३० पर्यंत फटके या शिक्षाही त्यात कायम होत्या. हा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ भारतीय कारागृहांचा मूलभूत कायदा राहिला.

१९१९-२० ची कार्ड्यू समिती

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समितीने ब्रिटन, अमेरिका, जपान, फिलिपिन्स येथील कारागृहांची पाहणी केली. अंदमानलाही तिने भेट दिली. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कैद्याची सुधारणा व पुनर्वसन हे कारागृह प्रशासनाचे उद्दिष्ट असावे, असे भारतात प्रथमच स्पष्टपणे मांडण्यात आले. फिलाडेल्फियातील पहिल्या संस्थेनंतर सुमारे १३० वर्षांनी आणि १८३८ च्या अहवालानंतर ८३ वर्षांनी हे मत शासकीय अहवालात आले.

अंदमानात कैदी पाठवण्याची पद्धत बंद करावी, प्रशिक्षित कर्मचारी नेमावेत, बालगुन्हेगारांसाठी वेगळ्या संस्था असाव्यात आणि सुटका झालेल्यांना साहाय्य मिळावे, या तिच्या प्रमुख शिफारशी होत्या. परंतु १९१९ च्या कायद्यानुसार तुरुंग हा विषय प्रांतांकडे गेला होता. प्रांतांजवळ निधी अपुरा होता आणि राजकीय अशांतता वाढत होती. त्यामुळे अंमलबजावणी तुकड्यातुकड्यांनी झाली.

बालगुन्हेगार आणि परिवीक्षा

मुलांच्या बाबतीत मुंबई इतर अनेक प्रांतांच्या पुढे होती. १८५० च्या दशकात मुंबईत स्थापन झालेली सुधारशाळा पुढे दात्याच्या नावाने डेव्हिड ससून संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १८६६-६७ मध्ये इंग्लंडमधील समाजसुधारक मेरी कार्पेंटर भारतात आल्या. त्यांनी मुंबई, पुणे, अहमदाबाद इत्यादी ठिकाणच्या संस्था पाहून स्त्रीशिक्षण, सुधारशाळा व तुरुंगसुधारणा यांची मागणी केली. १८७६ मध्ये सुधारशाळांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला.

अमेरिकेत १८९९ मध्ये शिकागो येथे स्वतंत्र बालन्यायालय सुरू झाले होते. ही संकल्पना १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने या प्रांतात आणली. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी भागातील ज्या जुन्या तुरुंगात पूर्वी टिळक व आगरकर यांना ठेवले होते, त्या वास्तूत पुढे मुलांसाठीचे निरीक्षणगृह आले. १९२९ मध्ये किशोरवयीन अपराध्यांसाठी बोर्स्टल शाळांचा कायदा झाला.

परिवीक्षा म्हणजे अपराध्याला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली समाजातच राहू देण्याची पद्धत होय. बॉस्टन येथील चर्मकार जॉन ऑगस्टस यांनी १८४१ मध्ये एका मद्यपी आरोपीचा जामीन घेऊन तिची सुरुवात केली, असे मानतात. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये परिवीक्षेचा कायदा केला. केंद्रीय कायदा त्यानंतर २० वर्षांनी, १९५८ मध्ये झाला.

राजकीय कैदी आणि तुरुंगलेखन

तुरुंगाच्या भिंतींआड काय चालते, याची माहिती मराठी वाचकांना मुख्यतः राजकीय कैद्यांच्या लेखनातून मिळाली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली. टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीतच झाला होता. आगरकरांनी लिहिलेले ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हे मराठीतील आरंभीचे तुरुंगवर्णन होय. त्यात तेथील राहणी, अन्न व इतर कैद्यांची स्थिती यांचे प्रत्यक्ष निरीक्षण आहे.

परदेशांतील सामाजिक संस्थांची माहितीही याच काळात मराठीत येऊ लागली. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तातून तेथील स्त्रियांच्या लोकोपकारी संघटनांचा मराठी वाचकांना परिचय झाला.

विनायक दामोदर सावरकर यांना १९२१ मध्ये अंदमानातील सेल्युलर कारागृहातून भारतात परत आणण्यात आले. त्यानंतर त्यांना रत्नागिरी कारागृहात व पुढे येरवड्यात ठेवण्यात आले. ‘हिंदुत्व’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ रत्नागिरी कारागृहात लिहिला गेला आणि १९२३ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाला. ६ जानेवारी १९२४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर त्यांची सुटका झाली. हे निर्बंध १९३७ पर्यंत चालले. १९२७ मधील ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकात त्यांनी अंदमानातील काथ्या कुटणे, तेलाच्या घाण्याला जुंपले जाणे आणि कैद्यांतूनच नेमलेल्या पहारेकऱ्यांची जुलमी वागणूक यांचे वर्णन केले आहे. कैद्यांनाच अधिकार देऊन इतर कैद्यांवर नेमण्याची पद्धत खर्च वाचवण्यासाठी भारतभर वापरात होती. कार्ड्यू समितीनेही तिच्या दोषांची चर्चा केली होती.

१९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांचा ६३ दिवसांच्या उपोषणानंतर मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने कैद्यांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग केले. हे वर्ग अपराधापेक्षा कैद्याचा सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान यांवर आधारलेले होते. सुशिक्षित कैद्यांना पुस्तके, लेखनसाहित्य व बरे अन्न मिळू लागले, पण क वर्गातील बहुसंख्य सामान्य कैद्यांच्या स्थितीत फारसा फरक पडला नाही.

सविनय कायदेभंगाच्या काळात काही तुरुंग शिक्षणाची केंद्रे बनले. १९३२ मध्ये धुळे कारागृहात विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे जन्मलेल्या साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिक कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिले. ज्यांनी तुरुंग आतून पाहिला असे अनेक नेते १९३७ आणि १९४६ मध्ये प्रांतिक सरकारांत आले. पुढील सुधारणांना त्यामुळे अनुकूल वातावरण मिळाले.

स्वतंत्रपूरचा प्रयोग

औंध हे दक्षिण महाराष्ट्रातील एक लहान संस्थान होते. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिली. त्यांचे पुत्र अप्पा पंत आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन हे या कामात अग्रभागी होते. फ्रीडमन यांना भारतात भारतानंद या नावानेही ओळखत.

याच वर्षी फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ माळरानावर कैद्यांची एक मुक्त वसाहत वसवण्यात आली. तिला स्वतंत्रपूर हे नाव मिळाले. तेथे तट नव्हता, बेड्या नव्हत्या आणि सशस्त्र पहारा नव्हता. कैद्यांना कसण्यासाठी जमीन दिली जाई आणि कुटुंबासह राहता येई. पळून जाणे सहज शक्य असताना राहणे, हीच त्यांच्या सुधारणेची कसोटी मानली गेली. एका कैद्याच्या शिक्षेबरोबर त्याची पत्नी व मुले निराधार होतात, या नेहमीच्या परिणामालाही या रचनेत उत्तर होते.

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी ही वसाहत बंद झाली नाही. आज ती सांगली जिल्ह्यात असून महाराष्ट्र कारागृह विभागाच्या अखत्यारीत आहे. आटपाडी परिसरातील शेटफळे येथे जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून प्रेरित कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तीवर ‘दो आंखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट काढला. सहा खुनी कैद्यांना पडीक जमिनीवर नेऊन शेती करवणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा आहे. १९५८ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात या चित्रपटास रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला.

स्वातंत्र्यानंतरचा आरंभकाळ

मंगलदास पक्वासा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४९ मध्ये कैद्यांना कडक पहाऱ्याशिवाय रस्त्यांच्या कामावर नेण्यास मान्यता दिली. त्यांच्या श्रमाचा मोबदला देण्याची पद्धतही याच सुमारास सुरू झाली. रस्त्यावरील जे काम १८३८ च्या समितीने शिस्तीला घातक ठरवले होते, तेच १११ वर्षांनी विश्वासाचे साधन म्हणून परत आले. काम तेच राहिले, पण बेडी गेली आणि मजुरी आली.

१९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांतर्फे अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात आले. त्यांनी कारागृह प्रशासनावर अहवाल दिला आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणास चालना दिली. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या टाटा समाजकार्य संस्थेमुळे या क्षेत्रासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते उपलब्ध होऊ लागले होते. १९५५ मध्ये फटक्यांची शिक्षा कायद्याने रद्द झाली. त्याच वर्षी येरवडा येथे खुले कारागृह सुरू झाले. १९६८ मध्ये पैठण येथे दुसरे मोठे खुले कारागृह स्थापन झाले.

१९५९ च्या मुंबई नियमांनी कैद्यांना दोन प्रकारच्या रजा दिल्या. ठरावीक शिक्षा भोगल्यानंतर मिळणारी ती संचित रजा आणि कुटुंबातील आजारपण, मृत्यू यांसारख्या कारणांसाठी मिळणारी ती अभिवचन रजा होय. कैद्याचे घराशी असलेले नाते टिकावे हा या नियमांचा हेतू आहे.

मूल्यमापन

या सुधारणांविषयी अभ्यासकांत दोन दृष्टिकोन आढळतात. पहिल्या दृष्टिकोनानुसार एकोणिसाव्या शतकातील समित्यांनी मनमानी कैदेच्या जागी लेखी नियम, वैद्यकीय देखरेख आणि तपासणी आणली. कैद्याला ठरावीक जागा, ठरावीक अन्न आणि ठरावीक तास मिळू लागणे हीच मोठी प्रगती होती. दुसऱ्या दृष्टिकोनानुसार वसाहतीच्या तुरुंगाचा मूळ हेतू सत्ता टिकवणे आणि स्वस्त श्रम मिळवणे हा होता. शिस्त वाढली, परंतु कैद्याचे माणूस म्हणून स्थान बदलले नाही.

सुधारणांचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही, याबाबत मात्र मतभेद थोडे आहेत. वर्गवारीचा फायदा सुशिक्षितांना मिळाला. मुक्त वसाहतींत निवडक कैद्यांनाच प्रवेश होता. संख्येने कमी असल्यामुळे स्त्री कैद्यांकडे दुर्लक्ष झाले आणि कच्चे कैदी निकालाची वाट पाहत गर्दीत राहिले. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मुंबईतील पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी निर्देश दिले, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला.

वारसा

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे. १९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरातील कारागृहांची पाहणी केली. तिच्या अनेक शिफारशी कार्ड्यू समितीने सहा दशकांपूर्वी मांडलेल्या मुद्द्यांशी जुळतात.

कारागृह नियमांतील जातिभेदाचा प्रश्न त्याहून अधिक काळ टिकला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींतील जातीवर आधारित कामाची विभागणी आणि कैद्यांना जातीनुसार वेगळे ठेवण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. सफाईचे काम एका जातीकडे आणि स्वयंपाकाचे दुसऱ्या जातीकडे सोपवणाऱ्या या तरतुदींची मुळे एकोणिसाव्या शतकातील व्यवस्थेत होती.

रत्नागिरी येथील कारागृह आजही वापरात असून त्याला विशेष कारागृहाचा दर्जा आहे. सावरकरांना जेथे ठेवले होते ती कोठडी स्मारक म्हणून जतन करण्यात आली आहे. स्वतंत्रपूरच्या वसाहतीतही कैद्यांचे वास्तव्य व शेती चालू आहे.